खांदेपालट

पाय घसरला त्या क्षणी ओव्हाळ मनातल्या मनात एक उत्तर जुळवत होता. पासलीचे सरपंच नाना यांनी शाळेत जमलेल्या सगळ्यांदेखत त्याला विचारलं होतं, "तिसरा टप्पा म्हंजी कंदी, साहेब?" तो म्हणाला होता, "रस्ता झाला की." "आन् रस्ता कंदी?" नानांच्या आवाजात राग नव्हता. पोरीचं लग्न कधी, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, आणि म्हणूनच ओव्हाळला काही सुचलं नव्हतं. आता सभा संपवून गावाबाहेरचा ओढा ओलांडताना त्याला सुचू लागलं होतं. एक चांगलं, भरीव वाक्य तयार होत होतं, आणि तेवढ्यात शेवाळलेल्या धोंड्यावर त्याचा बूट सरकला. आधी आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. तो आवाज आपल्याच आतून आला आहे हे कळायला जरा वेळ गेला. तेवढ्या वेळात त्याला काठावरचं भात दिसलं, निसवलेलं, दुधात आलेलं, भाद्रपदातल्या उन्हात नुसतं उभं असलेलं. मग त्याने पायाकडे पाहिलं. गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि विजारीच्या फाटक्या कापडातून काहीतरी पांढरं वर आलं होतं. मग वेदना आली, आणि ते चांगलं वाक्य ओढ्याच्या पाण्याबरोबर गेलं ते गेलंच.

भोर पंचायत समितीत तो विस्तार अधिकारी होता. पंचायत समित्या होऊन सात-आठ वर्षं झाली होती. भोरच्या समितीला गाडी परवडत नव्हती आणि वेल्ह्याच्या समितीला तर गाडीचं स्वप्नही परवडत नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून एक दवाखान्याची गाडी, एक नर्स आणि औषधांचा एक साठा ठेवावा असं ठरलं होतं. दोन भावांनी मिळून एक बैलजोडी ठेवावी तसं. ते कसं सुरू करायचं हे ठरवण्याचं काम ओव्हाळकडे आलं आणि त्याने ते मन लावून केलं. पहिल्या टप्प्यात सारोळे, भाटघर, भोरच्या सडकेवरची गावं. दुसऱ्या टप्प्यात वेल्हे आणि जिथवर एस.टी. जाते ती गावं. तिसऱ्या टप्प्यात डोंगर. गाडी जिथं जाते तिथं सेवा जाणार, यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. टप्पा हा शब्द त्याला आवडायचा. त्यात एक आश्वासन होतं, की आज नाही पण तुझी पाळी येणार आहे. त्याची स्वतःची पाळी अशीच आली होती. गावकुसाबाहेरच्या घरातून शाळेच्या ओट्यावर, ओट्यावरून वर्गात, वर्गातून पुण्याच्या वसतिगृहात, तिथून खुर्चीवर. टप्प्याटप्प्यानेच माणूस वर येतो, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्यानेच टप्पे आखावेत, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असे.

नाना त्याला ओढ्यापर्यंत घालवायला आले होते. ते खाली उतरले, त्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला कोरड्यात ओढलं, आणि मग उभं राहून, तोंडाशी हात धरून एक लांब हाळी दिली. त्या हाळीत शब्द होते की नुसता सूर होता ते ओव्हाळला कळलं नाही. थोड्या वेळाने वरच्या सोंडेवरून तशीच हाळी आली, आणि त्याहून पुढे, फार लांबून, आणखी एक. जणू डोंगरच एकमेकांना काही सांगत होते. "काय सांगितलंत?" ओव्हाळने विचारलं. आपला आवाज इतका बारीक का येतोय याचं त्याला नवल वाटलं. "काय न्हाई," नाना म्हणाले, "डोली येतीया म्हनून सांगितलं." माणसं आली. कुणी दांडा आणला. डोलीला घट्ट कापड हवं होतं, तेव्हा वरच्या धनगरवाड्यावरची कोंडाबाई, जी शेरडं घेऊन ओढ्याला आली होती, तिने खांद्यावरची घोंगडी काढून दिली. दांड्याला घोंगडीची टोकं बांधली, पायाला दोन कामट्या लावून कुणाचं तरी धोतर गुंडाळलं, आणि त्याला उचलून आत ठेवलं. घोंगडीला लोकरीचा, धुराचा आणि शेरडांचा वास होता. "मी बी येती," कोंडाबाई म्हणाली. नानांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती म्हणाली, "घोंगडी माजी हाय. ती माघारी कोन आनून देनार?" तिने शेरडं जावेच्या हवाली केली आणि मागून चालू लागली.

आडवं पडून जग बघायची ओव्हाळला सवय नव्हती. आजवर त्याने हा मुलूख नकाशावर पाहिला होता, वरून. आता तो खालून बघत होता. आभाळ हलत होतं. झाडांचे शेंडे पायाकडून येत आणि डोक्याकडे निघून जात. पुढच्या दोघांच्या पाठी त्याला दिसत होत्या, मानेवरचे घामाचे ओघळ, एकाच्या कानामागचा तीळ. चेहरे दिसत नव्हते. दर पावलाला पायात कळ उठे, पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ते चौघं एका विशिष्ट चालीने चालताहेत, जराशी गुडघ्यात वाकून, एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं उचलत, म्हणजे दांडा हिंदकळू नये. हे त्यांना कुणी शिकवलं? कधी? तो विचार धरू बघत होता आणि तो निसटत होता. ग्लानी येत होती. ग्लानीत भोरचं कार्यालय आलं, टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर आलं, आणि मग कुणीतरी म्हणालं, "शीव आली. खांदा द्या."

खांदा द्या. हे शब्द त्याने एकाच प्रसंगी ऐकले होते. मी मेलो आहे का, असं विचारावंसं वाटलं आणि लाज वाटली. पण त्या हाकेत कसलंही सुतक नव्हतं. वाटेच्या कडेला दगड होता, शेंदूर लावलेला, आणि त्याच्या पलीकडे चार माणसं उभी होती. नुसती उभी. हाळी ऐकून हातातलं काम टाकून आलेली. एकाच्या पोटऱ्यांवर खाचरातला चिखल तसाच होता. डोली थांबली नाही, खाली टेकली नाही. चालता चालताच पलीकडचा एक जण दांड्याखाली शिरला, क्षणभर दांड्याखाली दोन खांदे होते, जुना आणि नवा, एकमेकांना घासणारे, आणि मग जुना अलगद बाहेर निघाला. असं चार वेळा. हिसका बसला नाही. पासलीची माणसं दगडाशी थांबली. नानांनी हात वर केला, आणि ते मागे, लहान होत गेले.

ओव्हाळला एकदम त्याचा बाप दिसला. चिमाजी ओव्हाळ, भाटघरच्या धरणाकाठच्या एका गावचा महार. संस्थानचा काळ होता. मामलेदार आला, फौजदार आला, की त्याची वळकटी आणि पेटी डोक्यावर घेऊन चिमाजी गावच्या शिवेपर्यंत जायचा. शिवेवर पुढच्या गावचा महार उभा असायचा. चिमाजी पेटी खाली ठेवायचा, तो उचलायचा. लहानपणी ओव्हाळ कितीदा बापाच्या मागे शिवेपर्यंत गेला होता. पेटीच्या पितळी कड्या उन्हात चमकायच्या. पेटीत काय आहे, असं त्याने एकदा विचारलं होतं. बाप म्हणाला होता, "वझ्याला इचारायचं नसतं, गेनू." गेनू. कार्यालयात तो ज्ञानदेव चिमाजी ओव्हाळ होता; गेनू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. पुढे छप्पन साली बापाने दीक्षा घेतली, गावकीचं काम सोडलं, आणि त्यानंतर तो कधी त्या शिवेकडे फिरकला नाही. म्हणायचा, तिथं माझी मान राहिली. आणि आज गेनू पेटीसारखा शिवेवरून शिवेवर निघाला होता. ज्यांच्या वाड्यांवर बापाला अंगणाबाहेर थांबावं लागलं असतं, त्यांच्या खांद्यांवरून. यांना कुणी सांगितलं? ओव्हाळ पुन्हा पुन्हा तिथंच येत होता. बापाला हुकूम असायचा. हुकूम नसता तर बाप गेला असता का? आणि इथं तर हुकूम देणारा साहेबच दांड्याला टांगलेला होता, गप्प. आज्ञा नाही, वेळापत्रक नाही, आणि तरी दुसऱ्या शिवेवर माणसं उभी होती. तिसऱ्या शिवेवरही होती. टप्पे आखताना आपण ज्या गावांसमोर 'तूर्त सेवा नाही' असं लिहिलं ती हीच गावं, हे त्याला आठवलं, पण त्या क्षणी त्याला अपराधी वाटलं नाही. त्याला फक्त छाती भरून आल्यासारखं झालं, लहानपणी धरणाचे दरवाजे उघडताना पहिल्यांदा पाहिले होते तेव्हा झालं होतं तसं. एवढं पाणी भिंतीमागे इतके दिवस होतं आणि आपल्याला ठाऊक नव्हतं.

मधल्या वाडीत डोली एका घरासमोरून गेली आणि एका म्हाताऱ्याने चालत चालत पितळी तांब्या त्याच्या तोंडाशी धरला. हा हैबती. वय झालेलं, पण पाठ ताठ. तो डोलीबरोबरच पुढे निघाला. ओव्हाळ पाणी प्यायला, आणि पाण्याबरोबर ती जुनी भीती घशाखाली उतरली. तांब्या ओठांना लागला होता. यांना ठाऊक नाही. पासलीत सगळे नुसतं 'भोरचं साहेब' म्हणत होते. ठाऊक असतं तर तांब्या आला असता का? वरून ओंजळीत धार धरली असती का? गेल्या साताठ वर्षांत गावोगाव चहाची कपबशी हातात घेताना हा प्रश्न त्याने दाबला होता, आणि दाबायची इतकी सवय झाली होती की तो गेला असंच त्याला वाटायचं. आता पायातल्या कळेसारखा तो पावलागणिक वर येऊ लागला. हैबती शेजारी चालत होता. सहज, रस्ता सरावा म्हणून, त्याने विचारलं, "साहेब मूळचं कुठलं?"

"भाटघरकडचा."

"भाटघरात आमचं सोयरं हायती. कुनाचं तुमी?"

उत्तर टाळणं सोपं होतं. डोळे मिटले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. दुखणाईत माणसाला सगळं माफ असतं. तोरण्याचा कडा त्याच्या उजव्या अंगाला वर येत होता, काळा, ओला, अर्धा ढगात. एवढ्या मोठ्या दगडाखालून जाताना खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं, की थकवा होता, की तापाने जीभ सैल झाली होती, हे पुढे त्यालाही सांगता आलं नाही. "चिमाजी ओव्हाळांचा," तो म्हणाला. मग, ते पुरेसं होणार नाही असं वाटून, "आम्ही बौद्ध आहोत. वडील गावचं काम करायचे. महारकी."

पावलांचा आवाज तेवढा राहिला. दांडा करकरत होता. ओव्हाळने पुढच्या पाठींकडे पाहिलं. पाठींवरून काही कळत नाही. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात काही म्हणालं, दुसऱ्याने "चल की" म्हटलं, आणि मागचा डावा खांदा निघून गेला. डोली एकदम कलंडली. ओव्हाळच्या पायात आग पेटली आणि तो किंचाळला. आता खाली टेकवणार. वाटेवर टेकवणार आणि जाणार. हा एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता, आणि त्यात आश्चर्य नव्हतं. उलट, हे व्हायचंच होतं, असं एक थंड समाधान होतं. पण डोली टेकली नाही. कलंडलेली बाजू पुन्हा वर आली, आधीपेक्षा थोडी खाली, पण पक्की. त्याने मान वळवून पाहिलं. दांड्याखाली कोंडाबाई होती. पदर खोचलेला, दात आवळलेले, आणि खांद्यावर चुंबळ करून ठेवलेलं फडकं.

"बाईमानसानं डोली धरू न्हाई," पुढून एक जण न वळता म्हणाला.

"मंग बाप्यानं सोडू न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "चाला."

थोडं अंतर गेल्यावर हैबतीने ओव्हाळच्या पायाखालची घोंगडी नीट केली आणि नेहमीच्याच सुरात म्हणाला, "पाय हलवू नगा. उतार लागंल आता." एवढंच. तुमी वाईट वाटून घेऊ नका, जग बदललंय, असलं काही तो म्हणाला नाही. त्याच्या मनात काय होतं हे ओव्हाळला कधीच कळलं नाही. पण पुढच्या वळणावर म्हातारा कोंडाबाईच्या पुढे, तिच्याच बाजूला दांड्याखाली शिरला, आणि तिच्या खांद्यावरचा भार हलका झाला. उतारावर ओव्हाळ रडला. वेदनेने, असं त्याने स्वतःला सांगितलं. आभाळाकडे तोंड असलेल्या माणसाची आसवं कुणाला दिसत नाहीत, ती कानांकडे वाहतात. आपण काय बघितलं ते त्याला कळत नव्हतं. एक खांदा गेला होता, ते खरं होतं. एक आला होता, तेही खरं होतं. आणि या दोन खऱ्यांच्या मध्ये त्याचं शरीर जमिनीपासून हातभर वर, अधांतरी, पुढे जात होतं.

वेल्ह्याच्या अलीकडच्या शिवेवर उभे असलेले चौघे तरुण होते. डोली जवळ येताच त्यांच्यातला एक ओव्हाळकडे वाकून म्हणाला, "जय भीम, साहेब." बातमी डोलीच्या पुढे पोचली होती. आता हा बदल कसा होणार? हैबतीचा खांदा आणि या मुलाचा खांदा, एका दांड्याखाली. तो डोळे ताणून बघत राहिला. मुलगा दांड्याखाली शिरला. क्षणभर दोघांचे खांदे घासले. म्हाताऱ्याच्या बंडीवरचा घाम मुलाच्या सदऱ्याला लागला. "जड हाय," हैबती म्हणाला, "सांबाळ." आणि बाहेर निघाला. कोंडाबाईने मात्र दांड्याखालची जागा लगेच सोडली नाही. "घोंगडी वेल्ह्यात सोडवून घेती," ती नव्या माणसाला म्हणाली, "तवर वाईच तू धर." दिवस मावळायच्या आत ओव्हाळला वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या बाकावर ठेवलं. इतका वेळ हलत्या आभाळाची सवय झालेली. स्थिर छत बघून त्याला भोवळ आली. कंपाउंडर पाय बांधत असताना त्याने विचारलं, ती माणसं कुठं आहेत, त्यांना थांबवा, त्यांची नावं तरी. कंपाउंडर बाहेर डोकावून आला आणि म्हणाला, "कोण माणसं? बाहेर तर कोणी नाही."

पाय वाचला. पुण्याच्या इस्पितळात तो पौषापर्यंत होता, आणि थोडं लंगडणं कायमचं मागे राहिलं. इस्पितळात रात्रंदिवस छताकडे बघताना त्याला पांढऱ्या चुन्यावर पाठी दिसायच्या, माना, तो कानामागचा तीळ. परतल्यावर दोन्ही समित्यांची एकत्र बैठक झाली. टप्प्यांवर शेवटची सही व्हायची होती. ओव्हाळ काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, गाडी डोंगरापासून सुरू करावी. भोरचे सभापती सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "ओव्हाळ, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण जिथं रस्ता नाही तिथं गाडी जाणार कशी?" "माझी डोली उतरली त्या खिंडीच्या पायथ्याशी गाडी उभी राहील, साहेब. वरून डोली येईल." "डोली कोण आणणार? त्याची व्यवस्था कोण करणार?" ओव्हाळने तोंड उघडलं आणि त्याला कळलं की याचं उत्तर कुठल्याही मराठीत, सरकारी किंवा गावच्या, त्याला देता येणार नाही. "ती आहे," तो म्हणाला. "आपल्याला फक्त तिला जाऊन मिळायचंय." सभागृहात थोडी कुजबुज झाली. वेल्ह्याच्या एका सभासदाने, जो बैठकीत कधी बोलत नसे, मान खाली घालून म्हटलं, "खरं हाय ते." बरीच घासाघीस होऊन ठरलं: आठवड्यातले दोन दिवस गाडी खिंडीखाली, बाकीचे दिवस सडकेवर. दोनच दिवस. ओव्हाळने ते घेतलं.

चैत्रात एका सकाळी गाडी खिंडीच्या पायथ्याशी उभी होती. नर्स आत पट्ट्या लावत होती आणि भोरचा ड्रायव्हर म्हादू बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. ओव्हाळ मुद्दाम आला होता. वरून हाळी आली तसं त्याने म्हादूच्या दंडाला धरलं. डोली उतरली. आत अडलेली बाई होती, सखूबाई नावाची, ओठ चावून पांढरे झालेले. तिला गाडीत घेतलं, नर्स तिच्याजवळ बसली, ओव्हाळ दाराशी. दांडा घेतलेली चार माणसं बाजूला झाली. म्हादूने गाडी सुरू केली. ती बैलगाडीची वाट होती, दगडधोंड्यांची, गाडी माणसाच्या चालीनेच निघाली, आणि थोड्या वेळाने म्हादू म्हणाला, "साहेब, ही मानसं का येत्याती मागं?"

ओव्हाळने वळून पाहिलं. चौघंही गाडीबरोबर चालत होते. रिकामा दांडा एकाच्या खांद्यावर होता; बाकीच्या तिघांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवले होते, धक्का द्यायला नव्हे, नुसते ठेवले होते, आजारी गुराच्या पाठीवर ठेवावेत तसे. म्हादूने विचारलं, "त्यांना काय पायजे? सांगू का जा म्हनून?"

"नको," ओव्हाळ म्हणाला. "हळू चालव."

शिवेवरचा शेंदरी दगड आला. चौघांनी पत्र्यावरचे हात काढले आणि ते थांबले. दगडापलीकडे पुढच्या वाडीचे चौघे उभे होते, राबाच्या राखेने माखलेल्या हातांनी, हाळी ऐकून आलेले. उचलायला काहीच नाही हे बघून ते क्षणभर गोंधळले. मग त्यांच्यातला एक पुढे झाला, त्याने गाडीच्या पत्र्यावर तळवा टेकला आणि तो चालू लागला. मागून बाकीचे आले. सखूबाई कण्हली तसं नर्सने तिचा हात धरला. म्हादूने तंबाखू खिडकीतून थुंकली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि समोरचा एकेक धोंडा चुकवत, पाण्याने काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी ती गाडी तो पुढच्या शिवेकडे नेऊ लागला.